उसना बेडका

भाईदास गुरुजींना क्षयरोग नाही, एवढंच सिद्ध करायचं होतं. यात काय अवघड, असं कुणालाही वाटेल. पण ज्यानं कधी आपल्या नावावर जमीन नसल्याचा दाखला काढायला तहसील कचेरी गाठली असेल, त्याला विचारा. असलेली गोष्ट समोर ठेवून मोकळं होता येतं. नसलेली गोष्ट दाखवायची तर माणसाला फार हिंडावं लागतं.

गुरुजींना खरा आजार होता तो पोटाचा. धरणगावच्या शाळेत ते चौथीला शिकवत, आणि दिवसातून दहा-बारा वेळा त्यांना शाळेच्या मागे जावं लागे. शाळेला संडास एकच, त्याला कुलूप, आणि कुलपाची किल्ली हेडमास्तरांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला. म्हणजे दर खेपेला हेडमास्तरांच्या मानेमागून हात घालून ती काढावी लागे. पहिल्या आठवड्यात हेडमास्तर दचकत. पुढे पावलं ओळखून ते कागदावरची नजर न हलवता मान डावीकडे झुकवू लागले. गुरुजींना ते झुकणं जास्त लागे.

तास पस्तीस मिनिटांचा, आणि त्यात गुरुजी दोनदा उठत. उठताना फळ्यावर एक लांबलचक भागाकार लिहून जात, मुलं गुंतून राहावीत म्हणून. दिवाळीपर्यंत अशी स्थिती आली की तो वर्ग भागाकारात सगळ्या तालुक्याला भारी होता, आणि दुसरं त्याला काही येत नव्हतं.

फेब्रुवारीत चौथीची स्कॉलरशिपची परीक्षा होती. हेडमास्तर चांगले गृहस्थ, पण त्यांच्यावरही वरून कागद येत. त्यांनी गुरुजींना बोलावून सांगितलं, "संक्रांतीच्या आत तुमचा एक तरी तास सलग होऊ द्या. नाहीतर वर्ग तोताराम सरांकडे द्यावा लागेल. माझा नाइलाज आहे."

तोताराम सर मुलांकडून उत्तरं पाठ करून घेत. प्रश्न बदलला तरी उत्तर बदलायचं नाही, अशी त्यांची शिस्त होती. आपली चौतीस मुलं त्या शिस्तीच्या तावडीत जाणार, या विचारानं गुरुजींच्या पोटात जो गोळा आला तो आजाराचा नव्हता. पण किल्ली घ्यावी लागलीच.

गावानं सल्ल्याची कमी ठेवली नव्हती. डाळिंबाची साल झाली, बेलफळाचा मुरंबा झाला, धुळ्याच्या एका वैद्यांचं काळं चूर्ण झालं. रावेरच्या साडूनं केळ्यांचे दोन घड पाठवले, कारण केळ्यानं पोट बांधलं जातं. ते घड पाहून बोदवडच्या मेहुण्यानं कपाळाला हात लावला, कारण त्याच्या मते केळ्यानंच पोट सुटतं. दोघांचाही मान राखावा म्हणून गुरुजी एक दिवसाआड केळी खात राहिले. पोट मात्र कुणाचाच मान राखीना.

शेवटी सुनंदाबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, चूर्णाची पुडी चुलीत टाकली आणि नवऱ्याला जळगावच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नळीनं तपासलं. त्या तपासणीविषयी गुरुजी आयुष्यात कुणाशी बोलले नाहीत, तेव्हा आपणही बोलू नये. निदान असं निघालं, की मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्या आहेत, आणि हा दाह केळी-डाळिंबाच्या आवाक्यातला नाही.

"औषध आहे," डॉक्टर म्हणाले. "आठ-पंधरा दिवसांत फरक पडेल. पण या गोळ्यांची एक खोड आहे. त्या आतड्याची आग विझवतात आणि जाता जाता अंगातल्या राखणदारालाही झोपवतात. तुमच्या शरीरात कुठे टीबी दबा धरून बसला असेल, तर त्याला मोकळं रान मिळेल. म्हणून आधी टीबी नसल्याचे रिपोर्ट आणा. मग गोळ्या."

गुरुजींना हे समजावणं इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वर्गाला सांगितलं. केळीचा मळा, झोपलेला राखणदार, कुंपणाबाहेर टपलेली रानडुकरं, सगळं फळ्यावर काढलं. चित्र अर्धवट राहिलं, कारण मध्येच भागाकार द्यावा लागला.

तपासण्या जळगावच्या एका सरकारी दवाखान्यात व्हायच्या होत्या. गुरुजी तिथे रेल्वेनं जात, एस.टी.नं नाही. लोकांना वाटे, मास्तर हौशी आहेत. खरं कारण असं की सुरत-भुसावळ पॅसेंजरला संडास असतो, एस.टी.ला नसतो. गुरुजी डब्यात त्या दाराला लागूनच्या बाकावर बसत. येणारे-जाणारे त्यांना "आत कोणी आहे का?" असं विचारत आणि गुरुजींना त्याचं उत्तर ठाऊक असे.

दवाखान्याच्या खिडकीवर वना नावाचा माणूस होता. गुरुजींचा कागद पाहून त्यानं तीन ठिकाणी लाल खुणा केल्या. छातीचा फोटो, हातावरची सुई आणि थुंकी.

"मला खोकला नाही," गुरुजी म्हणाले. "माझा आजार पोटाचा."

"कागदावर तीन छापलंय, तर तीन द्यायचं," वना म्हणाला. "दोन रिपोर्टवर फाईल हलत नाही. मोठ्या बाई ओरडतात."

फोटोच्या वेळी आतून आवाज आला, "श्वास रोखा, हलू नका," आणि नेमकं त्याच वेळी गुरुजींच्या पोटानं बोलावणं धाडलं. फोटोत दोन छात्या आल्या. दुसऱ्या खेपेला एकच आली आणि ती स्वच्छ निघाली.

सुईचं प्रकरण तीन दिवस चाललं. हातावर आतल्या बाजूला कातडीत औषध टोचतात, आणि तिसऱ्या दिवशी तिथं गाठ किती उठली ते मोजतात. मोठी गाठ उठली तर टीबीची ओळख आहे असं समजायचं. मधल्या काळात तिथं काही लावायचं नाही आणि खाजवायचंही नाही. हे गल्लीला पटेना. शेजारच्या भिकुबाई हळद घेऊन आल्या, समोरून चुना आला, मागच्या घरातून कडुलिंबाचा पाला वाटून आला. सुनंदाबाई लाटणं घेऊन दाराशी बसल्या. गुरुजींनी तो हात तीन दिवस वर धरला. जळगाव स्टेशनाबाहेर त्यांच्यासाठी दोन टांगे आणि एक रिक्षा थांबली. कंपासपेटीतल्या पट्टीनं त्यांनी सकाळ-संध्याकाळ गाठ मोजली, ती सात मिलिमीटर भरली. वनानं सहा मोजली. दोघांचा थोडा वाद झाला. दहाच्या आत असली म्हणजे काळजी नाही, तेव्हा काय फरक पडतो, असं वनाचं म्हणणं. गुरुजी म्हणाले, "फरक एकाचा पडतो." शेवटी वनानं कंटाळून सात लिहिलं.

उरली थुंकी.

त्यासाठी वनानं रुंद तोंडाची एक छोटी बाटली दिली. तिच्यावरच्या चिठ्ठीत गुरुजींचं नाव होतं. "सकाळी उठल्याबरोबर, तोंड धुवायच्या आधी. नुसती लाळ नको, छातीतून खोलवरचा बेडका पाहिजे," तो म्हणाला. "गुरुवारपर्यंत आणा. गुरुवारी नाही आली तर बाद."

मंगळवारी सकाळी गुरुजी ओट्यावर बसून खोकले. शाळेच्या नाटकात म्हाताऱ्याचं काम करणारा मुलगा खोकतो तसं ते खोकणं होतं. आवाज आला, बाकी काही आलं नाही. बुधवारी सुनंदाबाईंनी ओव्याची धुरी दिली. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बाटलीत डोळ्यांचं पाणी चालत नव्हतं. मग सुनंदाबाईंनी शेवटचा उपाय केला. दार-खिडक्या लावल्या आणि तव्यावर वीस-बावीस सुक्या मिरच्या भाजल्या. समोरच्या घरातले खोकले. मागच्या घरातले खोकले. रस्त्यानं जाणारा गाडीवान खोकला, त्याचे बैल शिंकले. सुनंदाबाई खोकून खोकून खाली बसल्या. गुरुजी तेवढे हातात बाटली धरून कोरडे उभे होते.

आणि भिंतीपलीकडून झुलाल नाना खोकले.

झुलाल नानांचा खोकला गावाला माहीत होता. नानांनी तीस वर्षं जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या ढिगात काढली होती, आणि हा खोकला त्यांना जणू निवृत्तीच्या वेळी बक्षीस मिळाला होता. तो लांबून सुरू होई, मध्ये दोन पायऱ्या चढे आणि शेवटी असा उतरे की ऐकणाऱ्यालाच मोकळं वाटे. लोक त्याला कापसाचा खोकला म्हणत. नानाही म्हणत, आणि जरा अभिमानानंच म्हणत.

धूर ओसरल्यावर नाना चौकशीला आले. गुरुजींच्या हातातली रिकामी बाटली पाहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते हसले.

"गुरुजी, एवढासाठे कसाले रडतस? मी देस ना. मनाकडे गंज शे, सरता सरत नही."

"नाना, ती माझीच लागते."

"थुंकीवर काय नाव ऱ्हास का? आन माले काय टीबी शे? हाऊ कापूसना खोकला शे. बठ्ठा गावले ठाऊक शे."

इथं थोडं गुरुजींच्या बाजूनंही बोललं पाहिजे. त्या दोन घरांत अर्ध्या भिंतीवरून काय जात नव्हतं? विरजण जाई, कोथिंबीर जाई, शिडी जाई, पाहुणे आले की खाटा जात. भिंतीवरून आलेलं नाकारणं हा त्या गल्लीत अपमान समजत. शिवाय गुरुजी गणिताचे. त्यांनी हिशेब केला. मला टीबी नाही, म्हणजे शून्य. नानांना टीबी नाही, म्हणजे शून्य. शून्याच्या जागी शून्य ठेवलं तर उत्तर बदलत नाही. बाटली भरेल, फाईल हलेल, गोळ्या मिळतील आणि चौतीस मुलं वाचतील. वर्गात शेजाऱ्याच्या पाटीत डोकावणाऱ्याला अंगठे धरून उभं करणारे गुरुजी गुरुवारी सकाळी भिंतीपाशी गेले. नानांनी आजूबाजूला पाहून, घसा खाकरून, मोठ्या मनानं बाटली भरून दिली.

"लागनं ते आखो सांगा," ते म्हणाले, आणखी मागायला लाजू नका अशा सुरात.

आठवडा गेला. निकाल पोस्टानं येणार होता. गुरुजींनी कागदावर पत्ता शाळेचा दिला होता, लवकर हाती यावा म्हणून. निकाल पोस्टकार्डावर आला. त्यावर चार ओळी होत्या. आपल्या थुंकीत क्षयाचे जंतू मोठ्या प्रमाणात आढळले आहेत, ताबडतोब उपचारास यावे, लहान मुलांत मिसळू नये. उघडं कार्ड वाचणं हे काही कुणाचं पत्र फोडणं नव्हे. त्यामुळे ते पोस्टमननं वाचलं, शाळेच्या शिपायानं वाचलं, शिपायाला एक शब्द लागेना म्हणून तोताराम सरांनी मोठ्यानं वाचलं. हेडमास्तरांपर्यंत पोचलं तेव्हा गावात वाचायचं राहिलेले तेच दोघे होते, ते आणि गुरुजी.

हेडमास्तर नाकावर रुमाल धरून बोलले. वर्ग त्याच दिवशी तोताराम सरांकडे गेला. गुरुजींची खुर्ची उचलून अंगणात उन्हात ठेवली, खडूची पेटी जाळली. संडासाची किल्ली खिळ्यावरून काढून हेडमास्तरांनी कागदाच्या कपट्यानं धरून गुरुजींच्या हाती दिली. "तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. इतके महिने ज्या किल्लीसाठी मान खाली घातली ती आता कायमची मिळाली आणि शाळाच गेली. गेटाबाहेर पडताना गुरुजींना वर्गातून आवाज ऐकू आला. चौतीस मुलं एका सुरात कुठल्याशा प्रश्नाचं उत्तर म्हणत होती. प्रश्न कुठला, ते कुणी विचारत नव्हतं.

गुरुजी घरी आले आणि भिंतीकडे पाहत बसले. आपल्याला काय झालंय हे त्यांना नीट ठाऊक होतं. ते कार्ड आपलं नाही, हेही ठाऊक होतं. ज्याचं आहे तो भिंतीपलीकडे मजेत खोकत होता.

संध्याकाळी नाना समाचाराला आले. आले ते अंगणाच्या टोकालाच थांबले आणि उपरणं तोंडाला लावून दगडावर टेकले.

"मी आठेच बसस, गुरुजी. राग मानू नका. घरमा नातू शे."

"नाना," गुरुजी म्हणाले, "त्या बाटलीत काय होतं?"

"मना बेडका."

"मग त्यात निघालेले जंतू कुणाचे?"

"तुमना," नाना ताबडतोब म्हणाले. "रिकामी बाटली तीन दिवस तुमना घरमा व्हती. तवय शिरनात."

वजाबाकी न समजणारी मुलं गुरुजींनी पुष्कळ पाहिली होती. मूल चुकलं की आपलं सांगणं चुकलं असं मानायचं आणि नवं उदाहरण घ्यायचं, ही त्यांची रीत. ते म्हणाले, "असं बघा. तुमच्याकडचं विरजण मी माझ्या दुधात घातलं आणि दही नासलं. तर दोष कुणाचा?"

"दूधच खराब व्हतं तुमनं."

"बरं. तुमच्या शेतातली केळी माझ्या टोपलीत घातली. आत एक सडकं निघालं. ते कुणाचं?"

"टोपली वल्ली व्हई." नाना आता रंगात आले होते. "आन गुरुजी, बाटलीवर नाव कोन्हं? तुमनं. मंग रोग बी तुमनाच." आणि ते पाच मिनिटं खोकले, तोंड गुरुजींपासून दूर वळवून, गुरुजींचा संसर्ग होऊ नये म्हणून.

नानांच्या पत्नी भिकुबाई मागून येऊन उभ्या राहिल्या होत्या. नाना खोकत असताना त्यांनी गुरुजींकडे पाहिलं आणि नानांच्या धोतराकडे बोट केलं. ते धोतर कमरेशी आता दोन वेढे जास्त घेत होतं. मग हाताची पालथी बाजू स्वतःच्या कपाळाला लावून दाखवली. संध्याकाळचा ताप. गुरुजींच्या लक्षात आलं, की बाईला हे कधीपासूनच माहीत आहे. फक्त कापसाच्या खोकल्यापुढे तिचं काही चाललेलं नाही.

गुरुजींना वर्ग परत पाहिजे होता, हे खरं. पण त्या क्षणी त्यांना वर्गाची आठवण नव्हती. भिंतीपलीकडे चार वर्षांचा नातू नानांच्या मांडीवर बसून जेवतो, एवढंच डोळ्यांसमोर होतं. अशा वेळी चांगला शिक्षक उदाहरण बदलत नाही, विद्यार्थी ओळखतो.

"जाऊ द्या नाना," ते म्हणाले. "तुमचं बरोबर असेल. एक मात्र वाईट वाटतं. तो वना म्हणत होता, असला नमुना या वर्षात पाहिला नाही म्हणून. दुसऱ्या दवाखान्याच्या माणसांनाही बोलावून दाखवला म्हणे. मोठ्या वहीत लिहिलाय, भाईदास गुरुजी, धरणगाव."

वना असं काही म्हणाला नव्हता. गुरुजींनी नोकरीच्या सव्वीस वर्षांत बोललेलं हे दुसरं खोटं, आणि पहिलं त्या बाटलीत होतं.

नानांनी उपरणं खाली घेतलं. "नाव तुमनं लागनं?"

"कागदावर माझंच आहे ना."

"तीस वरीस जिनमा काढात मी," नाना म्हणाले. "तुम्हले साधा खोकता येत नही."

"मंग जा ना जळगावले," भिकुबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमनं नाव तुम्ही लई या."

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरच्या त्या दाराजवळच्या बाकावर दोघे बसले. गुरुजी दोनदा उठले, नाना आठदा खोकले. डब्यातल्या लोकांनी त्यांच्याभोवती भरपूर जागा सोडली होती. जागा गुरुजींसाठी सोडली होती. कार्डाची बातमी गाडीतही पोचली होती.

वनानं ऐकून घेतलं आणि त्यांना मोठ्या बाईंपुढे उभं केलं. डॉक्टरबाई चष्म्यावरून पाहणाऱ्या होत्या. नाना छाती काढून म्हणाले, "तो बेडका मना शे. बठ्ठा धरणगावले इचारी ल्या."

"लिहून द्याल?"

नानांनी अंगठा उमटवला, तोही दोनदा, जरा फिका उठला म्हणून. मग बाईंनी त्यांना शेजारच्या खोलीत नेऊन छातीचा फोटो काढला. ओला फोटो उजेडाशी धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. नानाही पाहत होते. गुरुजींच्या फोटोत दोन्हीकडे काळं मोकळं रान होतं. नानांच्या फोटोत वरच्या बाजूला, दोन्हीकडे, पांढरा कापूस पिंजून टाकल्यासारखं दिसत होतं.

"मंग कापूसना खोकला?" नानांनी विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"तोही असेल," बाई म्हणाल्या. "पण त्याच्या आडून दुसरंच कोणीतरी राहतंय, नाना. बरं होतं हे. सुया आणि गोळ्या, एक दिवसही चुकवायचं नाही. पहिले काही आठवडे नातवाला जवळ घ्यायचं नाही. आणि घरातल्या सगळ्यांना तपासायला आणायचं."

नानांनी मान हलवली. ते बाकावर जाऊन बसले आणि खोकला आला तेव्हा त्यांनी उपरण्याची दुहेरी घडी करून तोंडावर घट्ट धरली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग बाई गुरुजींकडे वळल्या. "गुरुजी, वर्गात कोणी दुसऱ्याचा पेपर आपला म्हणून दिला, तर काय करता?"

"अंगठे धरून उभं करतो."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्या अंगठ्यांकडे पाहिलं. गुरुजींनाच राहवेना. "मी आत्ता उभा राहिलो असतो," ते म्हणाले, "पण वाकलं की मला पोटाचा त्रास होतो."

बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुसायला जरा जास्तच वेळ लागला. मग त्यांनी तपासणीचा कागद गुरुजींपुढे सरकवला आणि एका ओळीवर नख टेकवलं. थुंकी या शब्दापुढे बारीक ठशात छापलं होतं, खोकला असल्यास. गुरुजींनी ते दोनदा वाचलं. प्रश्न पुरा वाचा, मगच पेन्सिल उचला, हे वाक्य ते दर परीक्षेआधी मुलांकडून वदवून घेत. वना खिडकीतून बाहेर पाहत होता, जणू बाहेर काहीतरी महत्त्वाचं चाललं होतं.

"तुमची बाटली लागतच नव्हती," बाई म्हणाल्या. "पण ती नसती आली, तर हे नाना अजून वर्षभर कापसालाच शिव्या देत बसले असते. म्हणून मी तुमच्यावर किती रागवायचं, हे मला कळत नाहीये. कबुली लिहा. तीन प्रती. एक शाळेला जाईल, आणि बंद पाकिटातून जाईल."

पोटाच्या डॉक्टरांनी ही सगळी हकिकत ऐकली आणि ते गंभीर झाले. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलात, ते म्हणाले, तेव्हा थोडा शिरकाव तुमच्यातही झाला असेल, आज दिसत नसेल एवढंच. म्हणून आतड्याच्या गोळ्यांबरोबर त्यांनी टीबीच्या राखणीची आणखी एक गोळी सुरू केली. झोपलेल्या राखणदाराच्या जागी बदली माणूस, असं ते गुरुजींना म्हणाले. गुरुजींनी ते लगेच टिपून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात आरोग्य खात्याची माणसं गल्लीत आली आणि त्यांनी दोन घरांऐवजी सगळी गल्ली टोचली. तीन दिवस सगळे हात वर करून हिंडत होते. हळद कुणीच कुणाला लावू दिली नाही. आता सगळेच जाणकार होते. गुरुजी पट्टी घेऊन घरोघर गेले. नातवाची गाठ मोठी निघाली, त्यालाही गोळी सुरू झाली. समोरच्यांची गाठ मागच्यांपेक्षा दोन मिलिमीटरनं मोठी भरली म्हणून दोन्ही घरांत थोडी कुरबुर झाली. आपली लहान आहे हे चांगलं, असं समजावताना गुरुजींची पुरी दुपार गेली.

गोळ्या सुरू झाल्याच्या दहाव्या दिवशी गुरुजींच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपण फक्त दोनदा उठलो.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी ते शाळेत गेले. हेडमास्तरांनी किल्ली परत घेतली आणि स्वतःच चौथीच्या वर्गात मागे स्टूल टाकून बसले. हातातलं घड्याळ काढून त्यांनी मांडीवर ठेवलं. तोताराम सर दाराशी उभे होते, वर्गाच्या बाहेर पण फार बाहेर नाहीत. चौतीस मुलांना सगळं ठाऊक होतं. लहान गावात मुलांना आधी कळतं.

"गुरुजी," पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "तुम्ही कॉपी केली होती?"

हेडमास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं, जणू हा प्रश्न त्यात दिसणार होता.

"केली होती," गुरुजी म्हणाले.

"मग पकडले कसे गेलात?"

"ज्याच्या पाटीत पाहिलं, त्याचं उत्तर माझ्या प्रश्नाचं नव्हतं. कॉपीत तेच होतं बेटा. आणि मी प्रश्नसुद्धा पुरा वाचला नव्हता." त्यांनी खडू उचलला. "आता अपूर्णांक."

त्यांनी फळ्यावर भाकरी काढली आणि तिचे तुकडे करायला लागले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. एका मुलानं पाव आणि अर्धा मिळवून पाऊण आणला तेव्हा गुरुजींनी त्याच्याकडून ते तीन प्रकारे करून घेतलं. वीस मिनिटं झाली. मुलांचं लक्ष एका डोळ्यानं भाकरीवर आणि दुसऱ्या डोळ्यानं गुरुजींच्या डाव्या हातावर होतं, कारण तो हात पोटाकडे गेला की गुरुजी जातात हे त्यांना पाठ होतं. हात खिशात होता. पंचवीस. तोताराम सर दारातून एक पाऊल मागे सरकले. एकदा गुरुजी मध्येच थांबले आणि वर्गानं श्वास रोखला; पण त्यांना फक्त खडू बदलायचा होता. तीस. मुलं पाय आवळून, चुळबुळ न करता, अशी बसली होती की तपासणीला साहेब आल्यावरही कधी बसली नसतील. एकानंही करंगळी वर केली नाही.

घंटा झाली.

दुसऱ्या क्षणी चौतीस मुलं बाकांवरून उड्या मारून, दाराशी तोताराम सरांना भिंतीला चिकटवून, शाळेच्या मागच्या बाजूला पळाली. वर्ग रिकामा झाला.

"अहो, ही सगळी एकदम गेली कुठे?" हेडमास्तरांनी विचारलं.

"धरून बसली होती बिचारी," गुरुजी म्हणाले. "माझ्यासोबत."

आणि पुढच्या तासाला कुठेही जायचं नसल्यासारखा, सावकाश, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी फळा पुसायला घेतला.